दिवाळीपर्यंत डबी

एखाद्याविषयी असं लिहायला बसतो तेव्हा बहुतेक वेळा तो माणूस गेलेला असतो. पोतनीसबाई गेलेल्या नाहीत. दांडिया बाजारात, देवळामागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्या राहतात. माझ्या घरापासून स्कूटरवर बारा मिनिटं. त्या हे वाचतीलही, आणि वाचलं तर पेन्सिल घेऊनच वाचतील. म्हणून गोड लिहायची सोय नाही. शिवाय ज्या वर्गासाठी त्या जगत होत्या तो वर्ग त्यांच्या हातून माझ्यामुळे गेला. ते लपवून त्यांच्याविषयी काही सांगणं मला जमणार नाही.

आमची शाळा मराठी माध्यमाची होती. 'होती' म्हणतो, कारण यंदाच्या एप्रिलमध्ये मराठी विभाग बंद झाला आणि आता त्या इमारतीत फक्त इंग्लिश माध्यम भरतं. मी तिथे लागलो तेव्हा बाई पंधरा-सोळा वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवत होत्या. त्यांचं घराणं बडोद्यातलं जुनं, आजोबा संस्थानाच्या मोजणी खात्यात. मी रेल्वेच्या शेडमध्ये काम करणाऱ्याचा मुलगा, वडील भुसावळहून आलेले. बाईंनी हा फरक मला कधी जाणवू दिला नाही. त्या सगळ्यांशी सारख्याच तुसडेपणाने वागत.

त्या येत आहेत हे दिसायच्या आधी ऐकू यायचं. त्यांच्या पर्समध्ये पोलादी छर्रे असत, सायकलच्या बेअरिंगमध्ये असतात तसे, वाटाण्याएवढे. चालताना ते खुळखुळत. तास सुरू व्हायच्या आधी जिन्यात तो आवाज आला की सातवीची मुलं गप्प होत नसत, उलट बाकं ओढून वर्गाच्या मधे जागा करायला लागत. बाकीच्या शिक्षकांना त्या आवाजाचा त्रास व्हायचा. मलाही.

छर्रे काड्यापेटीत भरायचे, हा त्यांचा सगळा संसार. रिकाम्या काड्यापेट्या त्या जमेल तिथून गोळा करत. पानवाल्यांकडून, देवळाच्या पुजाऱ्याकडून, स्टाफरूममधून. मी त्या वेळी सिगारेट ओढायचो. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ओढता ते वाईटच आहे. पण ओढताच आहात तर पेटी फेकू नका, मला द्या." मी ती पाच-सहा वर्षं देत राहिलो. त्यांच्या वर्गातल्या शंभरेक पेट्यांपैकी वीस-पंचवीस तरी माझ्या असतील.

मुलं काड्यापेटीला बाकस म्हणायची, गुजरातीत म्हणतात तसं. बाई डबी म्हणायच्या. टेबलावर एक लहान तराजू असे, पितळी पारड्यांचा. मसाल्याच्या एका दुकानदाराने इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यावर वेलची मोजायचा हा तराजू बाईंना देऊन टाकला होता. एका पारड्यात त्या तीन भरलेल्या डब्या आणि चार सुटे छर्रे ठेवत. दुसऱ्यात एकोणीस सुटे छर्रे. काटा मधे स्थिर. प्रत्येक डबीत सारखेच छर्रे आहेत, किती ते बाईंनाच माहीत. मग प्रश्न एकच, डबीत किती? नियमही एकच, डबी उघडायची नाही.

"उघडू नको. आधी बोल." हे वाक्य मी भिंतीपलीकडून हजारदा ऐकलं असेल. एखादा पोरगा म्हणे, दोन्हीकडून चार काढले तरी काटा हलणार नाही. "काढून बघ." तो काढी. काटा हलत नसे. मग पंधरा उरत, तीन डब्यांत वाटले की पाच. "बरोबर का, बाई?" यावर बाई कधीही बरोबर म्हणत नसत. म्हणत, "मला काय विचारतोस? शेजारच्याला पटव." शेजारच्याला पटलं आणि त्याने तिसऱ्याला पटवलं, की मगच डबी उघडायची. पाच छर्रे टेबलावर घरंगळत आणि वर्गात असा दंगा होई की मी माझ्या दहावीच्या वर्गात खडू आपटून शांतता मागत असे.

बरीच वर्षं हे नुसतं ऐकल्यावर एका जूनमध्ये तीन दिवस मी दारातून हा प्रकार बघितला आणि चौथ्या दिवशी, त्यांना अडकवल्याच्या आनंदात, म्हणालो, "बाई, रिकाम्या डबीलाही वजन असतं की." त्यांनी दुसऱ्या पारड्याकडे बोट दाखवलं. छर्‍यांच्या खाली तीन रिकाम्या डब्या होत्या, वजनाला वजन म्हणून ठेवलेल्या. "चौथ्या दिवशी विचारलंत," त्या म्हणाल्या. "वर्गात पहिल्याच तासाला विचारलं होतं."

छर्रे येण्याआधी त्या चिंचोके वापरत. पण एक चिंचोका जड, एक हलका. काटा डुगडुगायचा आणि मुलं भांडायची. मुलांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून बाईंनी चिंचोके बंद केले. एका मुलीचा काका मकरपुऱ्यात मशीनशॉपमध्ये होता, त्याच्याकडून नाकारलेले छर्रे आणले. ते कंपनीला चालत नव्हते, पण एकमेकांशी तोलायला पुरेसे होते. बाईंना त्याचा फार आनंद झाला होता. स्टाफरूममध्ये त्या दिवशी स्वतःहून त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. एरवी त्या कुणाला पाणीही विचारत नसत.

दुसरं त्यांचं ठिकाण म्हणजे शाळेचा जिना. तळमजल्याची फरशी म्हणजे शून्य. वर जाणाऱ्या पायऱ्यांवर खडूने एक, दोन, तीन. खाली भांडारखोलीत उतरणाऱ्या पाच पायऱ्यांवर वजा एक, वजा दोन. शिपाई रमणभाई रोज पुसायचे आणि बाई रोज लिहायच्या. खेळ असा, की संख्या अधिक असेल तर तोंड वर करून उभं राहायचं, वजा असेल तर खाली तोंड. बेरीज असेल तर पुढे चालायचं, वजाबाकी असेल तर उलट पावली. तिसऱ्या पायरीवर उभ्या मुलाला सांगायचं, वजा दोन वजा कर. तो खाली तोंड करणार, दोन पावलं उलटा चालणार, आणि पाचव्या पायरीवर पोचणार. वजा वजा अधिक का होतं ते त्याच्या पायांना कळायचं. मी ते दहावीच्या मुलांना नियम म्हणून सांगत होतो. मला स्वतःला तो नियम म्हणूनच सांगितला होता.

एकदा मी जिन्याने उतरत होतो, खेळ चालला होता, आणि बाईंनी मला थांबवलं. "सर, तुम्ही दोनवर आहात. वजा तीन वजा करा." तीस मुलं बघत होती. मी घाईने वर तोंड केलं आणि उलट पावली खाली गेलो, थेट वजा एकवर. मुलं हसली. त्यात वाईट काही नव्हतं, ती एकमेकांनाही तशीच हसत. पण मी बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग. बाई म्हणाल्या, "तोंड कुठे आणि पाऊल कुठे, एवढंच सांभाळा, सर. बाकी आपोआप होतं." मी हसलो. तो दिवस मी विसरलो नाही. ते हसणं मनात धरून ठेवण्याइतका मी लहान माणूस आहे, हे मला पुढे कळलं.

बाई प्रेमळ नव्हत्या, हेही सांगायला हवं. आता त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना माउली वगैरे म्हणतात, ते खोटं आहे. त्या मुलांना टोचून बोलत. पालकांना तर उभंच करत नसत. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत त्या एक वाक्य सांगत आणि बसत: "सातवीत दिवाळीपर्यंत डबी, दिवाळीनंतर अक्षर. मधे घाई करू नका." म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत समीकरणं तराजूवर आणि वहीत चित्रांनी. डबीचा चौकोन काढायचा, छर्‍यांचे ठिपके. पारड्यातून काढले तर वहीत खोडायचे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्या फळ्यावर चौकोन काढत, तो पुसत आणि त्या जागी एक्स लिहीत. मुलं म्हणत, एवढंच? त्या 'एवढंच'साठी त्यांनी चार महिने घालवलेले असत. पहिल्या सत्राचा पेपर त्या स्वतः काढत, त्यात चित्रं असत. शाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

एक गिरासे नावाचे गृहस्थ नंदेसरीला केमिकल प्लँटवर ऑपरेटर होते, मूळचे धुळ्याकडचे. त्यांची मुलगी कोमल सातवीत होती. डबीच्या वजनाचा प्रश्न पहिल्या तासाला विचारणारी ती हीच. गिरासे एकदा पाळी संपवून, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच तक्रार घेऊन आले. मुलगी शाळेत छर्रे खेळते, असं त्यांच्या घरी चाललं होतं. बाईंनी त्यांच्यासमोर तराजू ठेवला आणि डबीत किती ते विचारलं. गिरासे आधी रागावले, मग वाकले, मग बोटाने छर्रे सरकवायला लागले. दहा मिनिटांनी म्हणाले, "चार निघाले की नाही? खोलू का?"

"खोलायची गरज आहे का?" बाईंनी विचारलं.

गिरासे थांबले. म्हणाले, "नाही. टाकीचं पण असंच आहे आमच्या. झाकण खोललं तर माणूस मरेल. बाहेरच्या काट्यावरून आत किती ते काढतो आम्ही रोज." आणि मग अगदी हळू, "मी गणितात नापास आहे, बेन."

बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला कुणीतरी झाकण उघडायला लावलं असेल."

मी तिथे होतो. माझी रिकामी काड्यापेटी द्यायला गेलो होतो. गिरासे डबी हातात धरून बराच वेळ उभे होते. त्यांनी ती उघडली नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, संस्थेने ठरवलं की मराठी विभाग हळूहळू आटोपता घ्यायचा. वर्ग अर्धे झाले होते, आमच्या स्वतःच्या मुलांनाही आम्ही इंग्लिशमध्ये घातलं होतं. कोमलच्या मागून आलेली तुकडी अवघी बावीस मुलांची होती. त्या वर्षी कोमल पुन्हा सातवीतच होती. आदल्या वर्षी दिवाळीच्या आधीच टायफॉइड होऊन तिचं वर्ष बुडालं होतं. इंग्लिश विभागात सहावी ते आठवीसाठी गणिताची एक जागा होणार होती. मराठीतून एकच शिक्षक तिकडे जाणार, दुसऱ्याला मिळेल ते काम. मी तेव्हा दहावीला शिकवत असलो तरी कच्च्या नोकरीवर होतो. संस्थेचे एक गुजराती ट्रस्टी होते, त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सोनवणे, बाई सीनियर आहेत, ते खरं. पण इंग्लिशवाल्या पालकांना रिझल्ट जोईए. एक कॉमन पेपर घ्या. मला कागदावर दाखवा." पेपर मी काढायचा, असंही त्यांनीच ठरवलं. उत्तरायणानंतर, जानेवारीत, घेऊ म्हणाले.

मी म्हणालो, "पहिल्या सत्राबरोबरच घेऊ, सर. वेगळी परीक्षा कशाला?"

एवढंच बोललो. हे वाक्य म्हणताना मला काय करायचं होतं ते मला स्पष्ट माहीत होतं. दिवाळीच्या आधी. अक्षर यायच्या आधी. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं की मी वेळापत्रकाचा विचार केला. नाही केला.

बाईंना कळलं तेव्हा सुट्टीला बारा दिवस राहिले होते. मला वाटलं त्या धावपळ करतील, अक्षरं घाईने घेतील. त्यांनी घेतली नाहीत. स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "प्रश्नात एक्स असेल तर माझी मुलं त्याची डबी करतील. उत्तर तेच येणार ना?" त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. होय अशी.

पेपर काढून झाल्यावर तपासणीच्या सूचना लिहायच्या होत्या. मी सगळ्यांत खाली एक ओळ घातली, 'बीजगणिती रीत न लिहिल्यास उत्तराला गुण देऊ नयेत.' ती ओळ मला कुणी सांगितली नव्हती. ट्रस्टींना अशी ओळ सुचणं शक्यच नव्हतं.

कोमलचा पेपर मला अजून दिसतो. प्रश्न साधा होता, तीन एक्स अधिक चार बरोबर एकोणीस. तिने तीन चौकोन काढले होते, पट्टीने, अगदी सारखे, आणि पुढे चार ठिपके. मधे तराजूची दांडी. पलीकडे एकोणीस ठिपके, पाच-पाचच्या ओळीत. चार इकडचे खोडलेले, चार तिकडचे खोडलेले. उरलेल्या पंधरांभोवती तीन गोल. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक डबीत ५. (म्हणजे एक्स ५.)' कंसातलं तिने माझ्यासाठी लिहिलं होतं, परक्या माणसाला कळावं म्हणून. मी त्यावर लाल पेनाने शून्य दिलं. बावीस पेपरांत असे पाच-पाच प्रश्न. एकदा शून्य दिल्यावर पुढची शून्यं सोपी गेली.

वर्ग नापास झाला. निकाल ट्रस्टींपुढे मांडायच्या सभेच्या आदल्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी विनंती केलेली मी तेवढीच एकदा ऐकली, आणि तीही हुकमासारखी. "सोनवणे, जागा तुम्हाला द्यायची असेल तर देऊ देत. पण पेपर तुम्ही तपासलेत. उत्तरं बरोबर आहेत, एवढं उद्या सांगा. नाहीतर ही मुलं चुकली असं राहील." मी म्हणालो, सांगतो.

सभेत ट्रस्टींनी पेपरांचा गठ्ठा उलगडला. कोमलचाच वर आला. चौकोन आणि ठिपके बघून त्यांना हसू आलं. पण माणूस वाईट नव्हता, त्यांनी सरळ विचारलं, "आनो जवाब साचो छे के खोटो? एक्स पाच आहे की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाई टेबलाच्या टोकाला होत्या.

मी म्हणालो, "रीत नाहीये, सर. त्यामुळे सांगता येत नाही."

तीन पाचे पंधरा आणि चार एकोणीस. मला सांगता येत नव्हतं.

बाईंनी पर्स खांद्याला लावली, छर्रे खुळखुळले, आणि त्या बाहेर गेल्या. दिवाळीनंतर त्यांना वाचनालय मिळालं आणि कुणी गैरहजर असेल त्याचे तास. जूनपासून इंग्लिश विभागातली जागा माझी व्हायची होती, तोपर्यंत त्यांची सातवी मला मिळाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाला त्या आल्या नाहीत. आम्ही त्यांच्या नावाने आणलेला हार रमणभाईंनी सरस्वतीच्या तसबिरीला घातला.

त्या सातवीला मी पहिल्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि सांगितलं, संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलतं. अधिकचं वजा, वजाचं अधिक. लिहून घ्या. कोमलने हात वर केला.

"सर, पलीकडे नेल्यावर चिन्ह का बदलतं?"

तिला उत्तर माहीत होतं. ती मला विचारत होती की तुम्हाला माहीत आहे का. मला तेव्हा ते तसं वाटलं, कदाचित ती खरंच विचारत असेल. तराजू तिथेच कोपऱ्यात होता, तिला दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "नियम आहे." ती खाली बसली. वार्षिक परीक्षेत तिला बीजगणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले. वहीत एक चौकोन नाही, एक ठिपका नाही, सगळी रीत माझी. वर्ष संपेपर्यंत तिने मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

गेल्या नऊ वर्षांत इंग्लिश विभागात माझे निकाल उत्तम लागले आहेत.

एप्रिलमध्ये मराठी विभागाची कपाटं रिकामी करायला आम्ही भांडारखोलीत उतरलो. त्या पाच पायऱ्यांवर आता टाइल्स आहेत. मागच्या फळीवर एक खोका निघाला. वर पेन्सिलीने 'पोतनीस. हात लावू नये.' रमणभाईंनी तो हलवला, आतून आवाज आला. ते म्हणाले, "सर, आ बधां बाकस भंगारमां आपी दउं?" मी म्हणालो, भंगारात देऊ नका. खोका स्कूटरच्या पुढ्यात ठेवून मी दांडिया बाजारात गेलो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तो वाजत होता.

बाईंनी दार उघडलं. केस पांढरे, मनगटावर शाळेत असायचं तेच पुरुषी घड्याळ. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "या," म्हणाल्या, आणि खोक्याकडे बघून काही विचारलं नाही. चहा ठेवला. स्वयंपाकघरातून कप आणायला त्यांना बराच वेळ लागला, गुडघे पार गेले होते.

मी सगळं सांगितलं. जानेवारीची तारीख मी बदलली. ती खालची ओळ माझी. उत्तरं बरोबर आहेत हे मला दिसत होतं. बोलायला मी घरून वाक्यं ठरवून आणली होती, ती तशीच म्हणून झाली.

मग बाई म्हणाल्या, "तारखेचं मला तेव्हाच कळलं होतं. ट्रस्टींनीच सांगितलं, सोनवणेंनी सोय केली म्हणून. ओळ तुमची, हेही कळलं. 'बीजगणिती रीत' असं शाळेत दुसरं कोण लिहितं?"

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

"मी तुम्हाला एक वाक्य बोलायला सांगितलं होतं. ते तुमचं होतं, माझं नव्हतं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "त्या आठवड्यात आला असतात तर मी भांडले असते. बावीस पालकांना त्या टेबलापाशी आणलं असतं. गिरासेंनी एकट्याने त्या ट्रस्टींना पटवलं असतं. आता नऊ वर्षांनी तुम्ही आलात ते हलकं व्हायला. माझ्याकडे कशाला येता त्याच्यासाठी? चहा घ्या, निवतोय."

मी चहा घेतला. कोमलचं काय झालं, मी विचारलं. गिरासे मधे भेटले होते त्यांना. "कॉमर्सला गेली. बापाला म्हणाली, गणित कमीत कमी असेल ते सांगा." बाई खिडकीकडे बघत होत्या. "ती हुशार होती असं मी म्हणत नाही. तिला पटल्याशिवाय ती हलत नसे, एवढंच. ते तुम्ही काढून घेतलंत. माझा वर्ग गेला त्याचं मी काय ते बघून घेतलं. हे मात्र मी तुम्हाला माफ केलेलं नाही. आणि तिच्या वतीने मला ते करताही येत नाही."

मी खोका पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, वरची एक डबी उचलली, कानाशी नेऊन हलवली. ऐकलं. परत ठेवली. "यातल्या कितीतरी तुमच्याच सिगारेटच्या," म्हणाल्या. "घेऊन जा. मी इथे कुणाला शिकवू? तुमच्या हातात अजून वर्ग आहे."

"इंग्लिशमध्ये हे चालत नाही, बाई. पोर्शन संपत नाही."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो. बाई हसल्या. नऊ वर्षांनंतरचं ते हसणं आणि जिन्यातल्या मुलांचं हसणं यांत काही फरक नव्हता.

मी उठलो तशा त्याही उठल्या, पर्स खांद्याला लावली, पिशवी घेतली. खाली कोथिंबीर आणायला जायचं होतं, म्हणाल्या. मी खोका घेऊन आधी उतरलो आणि खालच्या वळणावर थांबलो, हात द्यावा म्हणून. त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि वळल्या. कठडा दोन्ही हातांनी धरला. तोंड वर, आणि एक एक पाऊल मागे टाकत, उलट्या उतरू लागल्या. गुडघे गेलेल्या माणसांना डॉक्टर असं उतरायला सांगतात, हे मला माहीत आहे. तरी मला नुसतं बघत राहता येईना.

"येऊ का वर?" मी विचारलं.

"हात लावू नका. माझं माप चुकेल."

अठरा पायऱ्या होत्या. मोजायचं नव्हतं, पण मोजल्या. प्रत्येक पायरीवर त्या थांबत, मागचं पाऊल टेकल्याची खात्री करत, मग दुसरं आणत. माझ्यापर्यंत आल्या, माझ्या शेजारून गेल्या, तरी त्यांचं तोंड वरच्या दाराकडेच होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायला वळावं लागलं असतं. त्या खालच्या फरशीवर पोचल्या, तिथे मात्र सरळ वळल्या आणि गल्लीत निघून गेल्या. पर्समधून काही आवाज येत नव्हता.

मी अजून त्या वळणावरच होतो. आवाज येत होता तो माझ्या हातातल्या खोक्यातून. मी हललो नव्हतो, तरी येत होता.